डाव्या पंखाचा माणूस

प्रिय पंकजा,

तू जामखेडला निघून गेलीस त्याला सव्वा महिना झाला. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. अक्षराला हसू नकोस. जन्मभर विमानं ढकलणाऱ्या माणसाचा हात कागदावर एवढाच चालतो.

इथे धावपट्टी सुरू आहे, मुलं विमान चालवायला शिकताहेत. दुपारी माळावरून वारा तसाच सुटतो. आपलं दोन आसनांचं विमान हलकं, त्यामुळे हवेपेक्षा जमिनीवरच जास्त जपावं लागतं. एकाने डावा पंख धरायचा, एकाने उजवा, आणि सोबत चालायचं. डावा माझा, उजवा अजिनाथचा. अठरा वर्षं आम्ही असेच चाललो. वारा वाढला की तो ओरडायचा, “कारभारी, टोपी खिशात घाल की! वारं लई हाय.” मी कधी ऐकलं नाही. उघड्या डोक्याने चारचौघांत जायचं नाही, ही वडिलांची शिस्त. तू आत बसून हसायचीस. नोकरी लागली की काकांच्या टोपीला इलॅस्टिक शिवून देणार होतीस.

त्या दिवशी तू छान उतरलीस. धावपट्टीवरून विमान परत आणताना डावीकडून झोत आला, पंख उचलला गेला, विमान उजवीकडे कलंडलं आणि अजिनाथ खाली सापडला. दवाखान्यात पोचेपर्यंतही तो राहिला नाही. चौकशीत तू लिहून दिलंस, पंखांच्या पट्ट्या हलवणारा दांडा वाऱ्याच्या बाजूला धरायचा राहिला असेल, नीट आठवत नाही. त्या एका ‘असेल’वर सगळे अडून बसलेत. आता तुझं उडणं कायमचं बंद होईल म्हणतात. तुझी आई ऊसतोडीच्या फडात सांगत असायची, “माझी पंकी इमान चालवती.”

परवा अजिनाथच्या सविता वहिनींनी माझी टोपी धुऊन पाठवली. कुंपणाच्या तारेला अडकलेली सापडली म्हणे. नीळ घातलेली, घडी केलेली. मला ती हातात धरवेना.

पोरी, तुझा दांडा बरोबर होता. डाव्या पंखाची मागची पट्टी वर उचललेली मी जवळून पाहिली, वाऱ्यात ती तशीच हवी असते. झोत आला, टोपी उडाली आणि माझे दोन्ही हात डोक्याकडे गेले. तू मनाला लावून घेत होतीस आणि मी भेकडासारखा गप्प बसलो. आज सकाळी सविता वहिनींच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या. तिथून निघालो आणि चौकशीवाल्यांना तसंच लिहून दिलं. नक्कल सोबत पाठवतोय. पुन्हा बोलावतील, तेव्हा ‘असेल’ म्हणू नकोस. पंख मी सोडला. टोपीही हाती लागली नाही.

तुझाच,
कारभारी काका