आमेनबद्दल माफी

१ डिसेंबर १९७४, रविवार
नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. देवळात पाळकसाहेब म्हणाले, ही अंतःकरणाच्या तयारीची वेळ. मंडळीने माना डोलावल्या आणि बाहेर पडताच करंज्यांच्या सारणावर चर्चा सुरू केली. यांची तयारी डालड्यापुरती.

माझी तयारी निराळी. नाताळच्या उपासनेत प्रभुभोजनाची भाकर वाटतात, त्याआधी दादाची माफी मागायची. सख्ख्या भावाशी अबोला ठेवून ती भाकर घ्यायची नाही, हा माझा नियम. वर्षभर प्रभुभोजनाच्या रविवारी मी मेहुण्याकडे शिरोळला जात आलो. नाताळला जाता येत नाही.

नोंदीसाठी: गेल्या नाताळला दादा उपासनेत प्रार्थना करीत होता. अकरा मिनिटे झाली. उसाच्या पिकापासून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत सर्वांसाठी मागून झाले. मी मोठ्याने 'आमेन' म्हणालो. सगळी मंडळी 'आमेन' म्हणून खाली बसली. दादा डोळे मिटून एकटाच उभा, मागतोच आहे. मग हशा. तेव्हापासून तो बोलत नाही.

माझा हेतू शुद्ध होता. पुन्हा तपासला. बहुतांशी शुद्ध.

३ डिसेंबर, सकाळी ६.३०
आजपासून पहाटे मनन, चहा बंद. सहाला बायकोने, प्रमोदिनीने, चहा आणला. नाकारला असता तर तिचे मन दुखावले असते. प्रीती मोठी की उपवास? प्यालो. दुसरा कपही त्याच तत्त्वावर.

८ डिसेंबर, रविवार
उपासनेनंतर दादाला गाठणार होतो. पण आत पाहिले तर नम्रता अजून कच्ची. शिवाय तो गायनमंडळाच्या बाळासोला सगळ्यांदेखत ओरडून सांगत होता, "पेटीत उंदीर शिरलाय की रं! तुझ्यापेक्षा सुरात हाय त्यो!" उद्यमनगरात लेथवर जन्म गेलेला माणूस. त्याला तोंडी माफीची खोली काय कळणार? लेखी काढतो.

१५ डिसेंबर, रविवार
माफीपत्र सात पाने. पैकी पाच प्रार्थनेची लांबी किती असावी यावर, शास्त्रवचनांसह. गाळवत नाहीत. सत्य आहे.

प्रमोदिनीला वाचून दाखवले. करंज्या तळत ऐकत होती. म्हणाली, "अहो, 'दादा, चुकलो' एवढंच म्हणा की. भावजी काय कोर्टात बसलेत?" बी.ए. झालेली बाई, आणि ही समज. तिची कीव आली. करंजी चांगली होती.

१९ डिसेंबर, सायंकाळी
पाने नऊ. सायकलने दादाच्या घरी गेलो. स्टुलावर चढून दारावर कागदी चांदणी टांगत होता. वहिनी म्हणाल्या, "या की आत, हे हितंच हायत." स्टुलावरच्या माणसाची माफी मागणे म्हणजे मान वर करून मागणे. नम्रतेला मान खाली लागते. म्हणालो, सहज चाललो होतो. परत आलो. चांदणीची टोकेसुद्धा सारखी नव्हती.

२५ डिसेंबर, सकाळी ८
पत्र कोटाच्या खिशात. देवळाच्या दारातच देणार. मन पूर्ण तयार. इतकी तयारी आख्ख्या मंडळीत कोणाची नसेल. (हा गर्व नव्हे, निरीक्षण.)

दुपारी १
दारात दादा पाळकसाहेबांशी बोलत होता. मध्ये तोंड घालणे बरे नव्हे. थांबलो. घंटा झाली.

भाकरीचे ताट आले. नियम म्हणजे नियम. न घेता पुढे दिले. प्रमोदिनीने पाहिले. तीन बाके पुढून दादानेही मान वळवून पाहिले.

उपासना सुटल्यावर तो गर्दीतून सरळ माझ्याकडे आला. वर्षभरात पहिल्यांदा बोलला. "भाकर घेतली न्हाईस. पोट बिघाडलंय व्हय रं?"

चेहरा खरोखर काळजीचा होता. खिशात नऊ पाने.

म्हणालो, हो. थोडेसे.

"मग आज तळकट खाऊ नगंस," म्हणाला. पाठीवर हात ठेवला आणि गेला.

सायंकाळी ५
वहिनी स्वतः येऊन ओव्याची पुडी देऊन गेल्या. दादाने निरोप दिला होता, समोर उभे राहून खायला लावा. प्रमोदिनी समोर उभी राहिली.

सगळा ओवा चावून खाल्ला. पोट ठणठणीत होते.