मुठीचं माप

माहेरी अमडापूरला निघण्याआधी जयमालानं नवऱ्यासाठी चिठ्ठी लिहिली आणि ओट्यावरच्या नव्याकोऱ्या सत्तुराखाली दाबून ठेवली.

"शिवमचे बाबा,

बकऱ्याची अख्खी मांडी फ्रिजात हाये. मागच्या रविवारी बोथट सुरीनं माहं बोट कापलं, तवा तुम्ही चार मित्रायसमोर हासून म्हणले, 'हिले सुरीबी धरता येत नाही.' म्हून लोहाराकून हा सत्तूर घडवून घेतला. मूठ कोनाच्या हाताची करू, असं त्यानं इचारलं. मी तुमचा गाडीचा हातमोजा देला.

तेच चौघं एक वाजता जेवाले येतीन. आज मटण तुम्ही कापून दाखवनार, असं मीच त्यायले फोनवर सांगलं. जरा जपून कापा. धार लई हाये, अन् घरातल्या पट्ट्या माह्या बोटाले सरल्या.

जयमाला"