'चांगदेवसाठी' नावाचा फोल्डर

३ जुलै
प्राचार्य म्हणाले, ज्याची पीएचडी आधी तो विभागप्रमुख. म्हणजे मी किंवा चांगदेव. माझा विषय मुलांची शाळागळती. पाच वर्षं चाललाय, घाई कशाला. चांगदेवचा विषय, डिंभे परिसरातल्या मुलींची शाळागळती. नक्कल उघड आहे. आळेफाट्याला मिसळ खाताना मीच त्याला सगळं सांगितलं होतं. सूड घेणार. माझी पीएचडी त्यानंतर.

५ जुलै
प्लॅन पक्का. त्याचा आराखडाही कुठून तरी उचललेला असणार. लायब्ररीतल्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये मूळ लेख शोधायचा आणि भर मीटिंगमध्ये तोंडावर मारायचा. दोन दिवसांचं काम.

१२ जुलै
त्याच्या आराखड्यातलं अख्खं वाक्य टाकलं. रिझल्ट शून्य. डेटाबेस भंगार आहे. लायब्ररीच्या हर्षाली मॅडम म्हणाल्या, सर, वाक्य नको, मोजके शब्द टाका, तेही इंग्रजीत. मला शिकवतात. टाकले. हजारो लेख आले. मग फिल्टर लावायलाही त्यांनीच सांगितलं. मला सुचणारच होतं.

२० जुलै
आता संशयित लेख हाती लागतायत. सगळे डेटाबेसवरच एका फोल्डरमध्ये ठेवले. नाव दिलं, 'चांगदेवसाठी'. एकटाच हसलो.

९ ऑगस्ट
मंगल विचारत होती, लई अभ्यास चाललाय, यंदा व्हतंय का तुमचं? म्हटलं, आधी त्याचं होऊ देत नाही. ती भाकरी थापायला निघून गेली. बायकोला संशोधन कळत नाही.

२ सप्टेंबर
साठेक लेख झाले. वर्षाप्रमाणे लावले. प्रत्येकाखाली टिपण: काय म्हटलंय, कुठं कमी पडतं. चोरी सापडली नाही. चोर हुशार आहे.

१५ सप्टेंबर
चांगदेव हल्ली वाकून नमस्कार करतो. घाबरलाय. काल गावाकडचा तांदूळ घरी आणून दिला. लाच. पुरावा म्हणून ठेवून घेतला. मंगलनं आज शिजवला.

४ नोव्हेंबर
डेटाबेसला अख्ख्या कॉलेजचं लॉगिन एकच आहे. कुणाचाही फोल्डर सगळ्यांना दिसतो. हे मला आज कळलं.
चांगदेव दुसऱ्या प्रकरणावर अडला होता, आधीच्या संशोधनाच्या आढाव्यावर. आज स्टाफरूममध्ये त्यानं माझ्या खांद्यावर शाल घातली. म्हणाला, राव, फोल्डरवर माझं नाव बघितलं आन् डोळ्यात पाणी आलं, सख्खा भाऊ एवढं करत न्हाई. गाइडनं प्रकरण लगेच पास केलं. पुढच्या महिन्यात प्रबंध जातोय. ऋणनिर्देशात आईवडिलांच्या खाली माझंच नाव आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
हर्षाली मॅडम जाता जाता हळूच म्हणाल्या, सर, तुमचाही विषय शाळागळतीच ना? तुमचं दुसरं प्रकरणही त्यातच होतं की.
घरी मंगलनं विचारलं, शाल कशाची? म्हटलं, पीएचडीची. कुणाच्या, ते तिनं विचारलं नाही. शेजारी पेढे वाटून आली.