राजाच्या प्रार्थनेचा शेवटचा शब्द

३ मे, सोमवार
पोचलो एकदाचा थॉर्नमिअरला! बासष्टाव्या वर्षी कॉलेजच्या चॅपलमध्ये गाइडची नोकरी. माझी लेक हेस्टर फोनवर म्हणाली, "बाबा, तुमची बडबड ऐकायला आयते श्रोते मिळाले. बिचाऱ्यांना पळताही येणार नाही!" शनिवारी तिचं लग्न. तिची आई आता नाही, म्हणून चर्चमध्ये हात धरून तिला वेदीपर्यंत मीच न्यायचं. याहून मोठं काम माझ्या आयुष्यात उरलेलं नाही.

चॅपल इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्या पैशातलं. तेरा म्हाताऱ्यांनी रोज तीन वाजता इथे बसून त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, अशी त्याची आज्ञा होती. भिंतीलगत तेरा आसनं आहेत. अकरांवर ओकच्या लाकडाचे म्हातारे हात जोडून बसलेत, दोन रिकामी. कारागिराचे पैसे थकले असतील, असं मी पाहुण्यांना सांगून टाकणार.

४ मे, मंगळवार
व्यवस्थापक पार्जिटरबाईंनी काम शिकवलं. तीनची घंटा झाली की पाहुण्यांना राजाची प्रार्थना वाचून दाखवायची, पण उभं राहून, आणि शेवटचं 'आमेन' गाळून. राजाच्या नातवाने मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना बंद केल्या, तेव्हापासूनची ही पद्धत. मी म्हटलं, चाळीस वर्षं चर्चमध्ये गातोय, आमेन आपसूक निघतं. त्या म्हणाल्या, मग तोंडात पेपरमिंट ठेवा.

५ मे, बुधवार
गुडघा ठणकत होता. रिकाम्या आसनावर टेकलो आणि बसूनच वाचलं. शेवटी सवयीने आमेन निघून गेलं. पाहुणे हसले. पार्जिटरबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.
माझ्याबरोबर आणखी कुणीतरी आमेन म्हणालं. एकजण नव्हे, बरेच.

६ मे, गुरुवार
लग्नासाठी हेस्टरकडे निघालो. दुपारी स्टेशनवर होतो, तिकीट हातात. तीनला पाहतो तर आसनावर! कसा आलो, आठवत नाही. ओठ आपोआप प्रार्थना म्हणत होते.
जुन्या माहितीपुस्तिकेत लाकडी म्हातारे दहाच आहेत. बाईंना विचारलं, तर रडायलाच लागल्या. माझ्याआधीचे गाइड, टॉलिव्हर, असेच एकदा बसले होते म्हणे.
अकराव्या म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा कोरलेला आहे.

७ मे, शुक्रवार
बाईंनी मला गाडीत घालून पंधरा मैल दूर नेलं. तीनला पुन्हा इथेच. आता उठता येत नाही. पाय गुडघ्यापर्यंत ओक. टाचणी टोचली, काही कळलं नाही. पाचशे वर्षांत राजाची सुटका झाली नाही, माझी कसली होणार?
हेस्टर, तू एकटीच जा वेदीपर्यंत. इकडे येऊ नकोस.

८ मे, शनिवार
मी पोचलो नाही, म्हणून हेस्टरच आली. लग्न थांबवून —
कमरेपर्यंत लाकूड. हात तेवढे माझे. तोंडातून प्रार्थनेखेरीज शब्द नाही. बाबांना झटका आलाय, असं तिला वाटतंय. पांढरा झगा सावरून शेजारच्या आसनावर बसली —
'ऊठ' असं मोठ्या अक्षरात लिहून वही पुढे केली. तिने डोळे पुसत, न वाचताच ती बाजूला सारली. म्हणाली, "लिहायचं मागाहून, बाबा. आधी प्रार्थना संपू दे."
घंटा. मी म्हणतोय. ओठ दाबतोय, तरी म्हणतोय —
प्रार्थनेला आमेन म्हणायला मीच शिकवलं तिला, तीन वर्षांची असताना, मांडीवर घेऊन —
दोनच ओळी राहिल्या. तिने डोळे मिटले. हात जोडले. हेस्टर, नको, तो शब्द न