जांभळीला लागलेली हळद

२७ ऑगस्ट
महालक्ष्म्या जवळ आल्या. समोरच्या खोलीत त्या बसणार, तेव्हा तुमचे धोंडे हलवा, असं बायकोचं, म्हणजे सु.चं फर्मान. दरवर्षीचंच. मी पंपदुरुस्तीला जायचं, विहिरीच्या मलब्यातून स्फटिक उचलून आणायचे आणि तिनं त्यांना धोंडे म्हणायचं.
मागच्या खोलीत नेले. गेल्या वर्षी घरच्या कापसात गुंडाळले होते, तर सुयांसारख्या स्फटिकांच्या दगडात तंतू अडकले. काढता काढता सुया मोडल्या. कापूस फुकटचा, म्हणून अक्कल गहाण. या खेपेला मऊ कागद. जांभळी (जांभळ्या स्फटिकांची, कळंबच्या विहिरीतली, आतून वाटीसारखी पोकळ) शेवटी, फळीवर. खिडकीला जाड पडदा. ऊन लागलं की तिचा रंग उडतो.

३० ऑगस्ट
घाटंजीहून ताई आली. आल्या आल्या पदर खोचून पुरणाची डाळ निवडायला बसली. भाऊजी गेल्यापासून ती आली की थेट स्वयंपाकघरात.
"दगडं कुठी ठेवले बापू?" म्हणून स्वतःच मागे आली. जांभळीकडे किती वेळ पाहत होती. "आतून गाभाऱ्यावानी दिसते रे." मी म्हटलं, हात नको लावू. म्हणायची काही गरज नव्हती.

१ सप्टेंबर
लिहावंसं वाटत नाही.
पूजा झाली. बायकांनी एकेक करून हळदकुंकू वाहिलं. पंगत बसली. साडू म्हणाले, दगड दाखवा. मोठ्या तोऱ्यात मागे नेलं. जांभळीच्या पोकळीत हळद, कुंकू, वर झेंडूची पाकळी.
डोकं फिरलं. जांभळी उचलली ती तशीच पंगतीत आणली. "कोनं केलं हे? अक्कल हाय का कोनाले?"
ताई हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. "म्याच वाह्यलं बापू."
तरी मी थांबलो नाही. "तुले काही समजते का? सत्यानाश केला!" पंगतीतल्या बायका माझ्याकडे नाही, तिच्या हाताकडे पाहत होत्या. बोटं पिवळी होती.
राहिलेले वडे तिनं तळले. मग पिशवी घेऊन बसस्टँडवर गेली. न जेवता. महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी माझ्या घरून माझी बहीण उपाशी गेली.

२ सप्टेंबर
सु. भांडी आवरताना बोलली. "तुमाले खरंच नाही समजलं? ताईचे मालक गेल्यापासून त्याईले हळदकुंकू वाहाले कोनं बोलावलं? समोर कोनी बोलावत नाही, तं मांगं जाऊन वाह्यलं त्याईनं." मग हळूच, "म्या बी नाही बोलावलं."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी असल्या चालीरीतींना नावं ठेवणारा, पोरांना दगड दाखवत विज्ञान सांगणारा. ताई काही वर्षं पूजेत दिसत नाही, हे माझ्या ध्यानातही नाही. आणि तिनं गुपचूप केलं ते मीच चारचौघांत ओढून आणलं.

४ सप्टेंबर
कुंकू ब्रशनं झटकून निघालं. हळद खाचांत बसली आहे. सु. म्हणते, उन्हात ठेवा, हळद उडते. उडेल, पण जांभळा रंगही उडेल. पाण्यात ठेवू? ओल्या फडक्यानं? अर्धा दिवस यातच गेला. मग लक्षात आलं की ताईला अजून फोनच केलेला नाही. काय म्हणावं अशा माणसाला.
केला. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "गोटा साफ झाला काय रे? मले तेच लागून राह्यलं."
झाला म्हटलं. खोटं. माफीचं राहूनच...

७ सप्टेंबर
घाटंजीला जाऊन आलो. जांभळी सोबत नेली. का, ते नीट सांगता यायचं नाही.
ताईनं चहा टाकला. दगड हातात घेतला. "साफ झाला म्हनत होता नं?" आणि पदरानं पुसायलाच लागली.
"राहू दे ताई. चुकलो मी." ती पुसतच होती. काहीतरी मोठं बोलायला हवं असं वाटलं. "पुढच्या वर्षी पह्यली हळद तूच वाहाशील. समोर, सगळ्याईच्या."
हात थांबला. डोळ्यांत पाहून म्हणाली, "सुनंदाले इचारलं काय?"
मी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.
"बरं. चाय घे, थंडा होऊन राह्यला."
निघताना जांभळी तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून दिली.

१० सप्टेंबर
दगड समोरच्या कपाटात परत लागले. जांभळीची जागा तेवढी रिकामी. ती अजून ताईच्या लुगड्याच्या गाठीत, टेबलावर. आज सु.नं टेबल पुसताना गाठोडं उचललं, कापड ओळखलं असावं, पुसून झाल्यावर पुन्हा होतं तिथंच ठेवलं. विचारलं काही नाही. पुढच्या वर्षीच्या पहिल्या हळदीचं मीही तिला अजून विचारलेलं नाही.