रघूच्या दहा मिनिटांसाठी रेडिओ

परदेशीपुरा, इंदूर
१३ जून १९५३

चि. रघुवीरास घरच्या सगळ्यांचे, आणि या खेपेस गल्लीचेही, अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तू लोकरी मोजे घालत जा (तिकडे जूनमध्येही थंडी असते, हे तुझी आई रोज एका नव्या माणसाला सांगते). गेल्या रविवारी लंडन रेडिओच्या मराठी कार्यक्रमात तू दहा मिनिटं बोललास, ते फारच उत्तम. भाषा शुद्ध, विचार खोल. चौदा महिन्यांनी घरात तुझा आवाज घुमला, तर त्यासाठी आम्ही काय काय केलं तेही तुला कळू दे.

तुझं पत्र आल्या दिवसापासून आईनं एकच धोशा लावला, रेडिओ घ्या, मला रघूचा आवाज ऐकायचाय. शेजारी जाऊन ऐकू म्हटलं, तर माझा मुलगा दुसऱ्याच्या घरात बोलणार का, म्हणून माझ्यावरच उखडली. आता मिलच्या कारकुनानं रेडिओ घेणं म्हणजे हत्ती पोसणं, पण तिच्यापुढे माझं कधी चाललंय! आमच्या हपिसातले दिनानाथजी बरोबर आले. (त्यांच्या घरी रेडिओ नाही, पण सलाह सगळ्या इंदूरला देतात, आणि तीही फोकट.) तोपखाना बाजारातल्या दुकानात नवा सेट पाहिला, किंमत ऐकून आम्ही दोघांनी एकदमच पाणी मागितलं. मग दुकानदारानं एक छोटा, देखणा, आपल्या ऐपतीतला सेट पुढे केला. लंडन लागतं का विचारलं, तर म्हणे, “भिया, लंडन क्या, चांद भी पकड़ेगा!” मी पाकीट काढलंसुद्धा होतं. दिनानाथजींनी सेट उलटापालटा केला आणि शॉर्टवेव्ह कुठाय म्हणून विचारलं. ती नव्हतीच! त्या सेटवर मुंबईसुद्धा लागली तर तिच्या मर्जीनं.

शेवटी महूला एका रिटायर्ड सुभेदाराकडे जुना सेट मिळाला. पाच व्हॉल्व्हचा, तीन शॉर्टवेव्ह पट्ट्यांचा, वजनाला पाट्यावरवंट्याएवढा. काचेवर लंडन, पॅरिस, मॉस्को अशी गावंच छापलेली! आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मी ऐटीत काटा लंडनवर ठेवला. तर कुठलीशी चिनी की रशियन बाई कुणावर तरी रागावत होती. चार दिवस लंडन सगळीकडे शोधलं, सापडेना. (आपल्या मध्यभारताची राजधानी तरी सहा महिने इथं, सहा महिने ग्वाल्हेरला, हे ठरलेलं असतं.) दिनानाथजी म्हणाले, एरियल लावा, उंच. मग गॅलरीच्या पत्र्यावर दोन बांबू ठोकून तांब्याची तार ताणली, आणि या तारेला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, असा अख्ख्या चाळीला दम भरला. त्याच संध्याकाळी लंडन लागलं, तिथल्या मोठ्या घड्याळाच्या घंटेसकट. तुझी आई रडली. मी नाही.

रविवारी खोलीत चाळीस माणसं कोंबली होती. तू बोललास आणि सगळी झंझट सार्थकी लागली.

तुझे वडील,
चिंतामण

ता. क. हे पत्र आई गल्लीला वाचून दाखवणार, म्हणून वर तसं लिहिलं. हा तुकडा मी घडीत दाबतोय. खरं सांगतो रघू, तुझं एक अक्षर ऐकू आलं नाही. दहा मिनिटं नुसती खरखर. नंतर वर जाऊन पाहतो तर तारेवर अंबिकाआत्याचं नऊवारी सोवळं, ओलंगच्च, काठीनं चढवलेलं, आणि त्याच्या भारानं तार पत्र्याला टेकलेली! विचारलं तर आत्या म्हणते, “तिला कुणी शिवत नाही, असं तूच नाही का सांगितलंस? सोवळं आणखी कुठं वाळत घालू?” इकडे खोलीत खरखर थांबल्याबरोबर तुझ्या आईनं जाहीर केलं, “काय सुरेख बोलला!” चाळीसच्या चाळीस जणांनी माना डोलावल्या (प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच समजलं नाही). तर बाबा, तू काय बोललास ते शब्दन्‌शब्द परतीच्या टपालानं लिहून पाठव. आठवडाभर लोक विचारताहेत आणि मी ‘विचार खोल होते’ एवढ्यावर भागवतोय.

आणखी एक. हा तुकडाही आईनं वाचला. म्हणते, काही ऐकू आलं नाही हे साफ खोटं. खरखरीत मध्येच एकदा कुणी खोकलं, तो रघूच होता. मी म्हटलं, अगं, तिथं दहा माणसं असतात. तर म्हणे, तुम्हाला काय कळतंय! आल्याचा काढा घे, असं लिहायला सांगितलंय.