वाटून टाकलेलं तपेलं

लोणावळे, ता. २ ऑक्टोबर १९१८

ती. गं. भा. आक्काचे सेवेसी,

धाकटा भाऊ गेणू याचा शि. सा. नमस्कार वि. वि. इकडे मी व तुझी भावजय कस्तुरा खुशाल आहोत, म्हणजे अजून उभे आहोत. मानमोडीच्या तापाच्या साथीने रेल्वेच्या चाळीत खोलीखोलीत अंथरुणं पडली आहेत. इंजिनात कोळसा घालायला आगवाले उरले नाहीत, म्हणून मला डबल ड्यूटी. कस्तुराने माझ्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली आहे. ड्रायव्हरसाहेब म्हणतात, गेणू शेजारी आला की इंजिनात आरती चालल्यासारखं वाटतं.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या मडम डॉक्टरने तुझ्या छातीतली गाठ बघून साफ सांगितलं, की हा कर्करोग आहे, दिवाळीच्या सुमारास कापून काढला तर आशा आहे, पुढे नाही. त्यावर तू काय केलंस? गावी जाऊन सगळं घर वाटून टाकलंस! लग्नातलं पितळी तपेलं शेजारच्या रतनबाईला, तेही हातावर पाणी सोडून. पाटा एकीला, वरवंटा दुसरीला. अगं, त्या दोघींनी चटणी वाटायची कशी? आणि मुळात मेलंय कोण? मी दिवाळीत न्यायला येतो, तयार राहा.

कस्तुराचा नमस्कार. आमच्यावर लोभ आहेच, तो वाढवावा. गाठ वाढवू नये.

तुझा गेणू

*

परंदवडी, दसऱ्याचा आदला दिस

चि. गेणूस धोंडाआक्काचा आशीर्वाद. पत्र शाळेचे दत्तोबा गुर्जी लिव्हत्यात. मागल्या खेपेला त्यांनी लाजून माज्या गाठीला ‘उरःस्थानी ग्रंथी’ लिव्हलं व्हतं. ह्या खेपेला म्या बजावलंय, मी बोलते तसंच लिवा, न्हाईतर पेज मिळायची न्हाई.

लेका, हितं सगळं उफराटं झालंय. मरनार व्हते मी, आन आडवी झाली आळी! चांगले पैलवान गडी वासरावानी पडल्यात. मानमोडीला जून मानसं आवडत न्हाईत बग. सगळ्या आळीत मी एकटी उभी. जुंधळ्याच्या कन्यांची पेज करून घरोघर पाजायची, तर घरात भांडं कुटं? मग रतनबाईकडं गेले. ती तापानं फनफनलेली. उशाचं तपेलं उचललं तर डोळं न उघडता तिनं इचारलं, कोन हाय. म्या म्हनलं, यम. तर म्हनती कशी, मग मला ने, तपेलं ठेव. आता बोल!

एक मातुर बरं झालं. साथ आल्यापासनं माज्या गाठीला कुनी इचारत न्हाई. आदी रोज बाया यायच्या, कुनी निवडुंगाचा चीक सांगायची, कुनी नुसतीच बगून चुकचुकायची. आता मी दिसले की सगळी म्हनत्यात, आक्का आली, पेज आली. लय बरं वाटतं रे.

तवा मी काय येत न्हाई. हितं मला कामं हायेत. आन खरं सांगू? मरनाचं भ्या न्हाई, पर ती भूल देत्यात त्येचं हाय. निजवलं आन उठलेच न्हाई, तर कुनाला येते बाई म्हनायचं ऱ्हाऊन जाईल. तू हितं फिरकू नगंस, तापाचं गाव हाय. माया लांबनंच करावी.

धोंडाआक्का

*

लोणावळे, ता. २१ ऑक्टोबर १९१८

ती. गं. भा. आक्कास,

सा. नमस्कार. अक्षर वाकडं आहे, कारण कापराने दगा दिला. सात-आठ दिवस तापात होतो, आता भिंतीला धरून चालतो. कस्तुरा सांगते, तापात मी तुझ्या नावाने पेज मागत होतो, आणि तिने केलेली पेज ‘ही आक्काची नव्हे’ म्हणून परत करत होतो. त्याबद्दल ती अजून माझ्याशी बोलत नाही.

आक्का, आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला तूच वाढवलंस. सगळ्या आळीला जगवतेस, आणि माझी आक्का जगवायची वेळ आली की तुला कामं असतात? मला राग आला आहे, आणि मी घाबरलो आहे.

मडमचा निरोप आहे. दवाखाना तापाच्या रोग्यांनी भरला आहे, तरी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती तुझ्यासाठी खाट ठेवणार. दरवर्षी ओवाळणी मी घालतो. यंदा तू मला घाल. तळेगाव स्टेशनावर ये, एवढीच ओवाळणी. भूल देताना मी तुझा हात धरून उभा राहीन, तेव्हा येते म्हणायचं ते मला म्हण.

रुसलेला, तरी तुझाच,
गेणू

*

परंदवडी, वसुबारस

चि. गेणूस अनेक आशीर्वाद. तू आजारी पडलास आन मला कळवलं बी न्हाईस! ये, कान धरते. आन कस्तुराला म्हनावं, कन्या आदी भाजून घ्याव्यात, मंजे मागारी येत न्हाईत.

हितली साथ उतरली. रतनबाई हिंडाय-फिराय लागली, आन पयलं काय केलं आसंल? तपेलं मागाय आली! म्या म्हनलं, माजं हाय. ती म्हनली, पानी सोडून दिलेलं दान मागारी घेतलंस तर पाप लागंल. म्या म्हनलं, मरनार म्हनून दिलं व्हतं, मेले कुटं? सारी आळी जमली. दत्तोबा गुर्जींनी पोथ्या उलगडल्या, पर मरायचं ऱ्हाऊन गेलेल्या बाईच्या दानाचं कुटंच लिव्हल्यालं न्हाई. शेवटाला रतनबाईच कंबरंवर हात ठिवून म्हनली, जा पुन्याला, कापून ये. जित्ती आलीस तर तुजं, न्हाईतर माजं.

तवा मी येते. त्या बाईला माजं तपेलं मिळू द्यायचं न्हाई.

आन गेणू, मला जगायचंय रे. आळीत पेज वाटताना ध्यानात आलं. हे लिव्हताना गुर्जी डोळं पुसाय लागलेत. पडसं झालंय म्हनत्यात.

तळेगावला गाडीत बसीन. ओवाळनी पावली म्हन.

धोंडाआक्का

*

परंदवडी, ता. २० नोव्हेंबर १९१८

धोंडाबाईस शेजारीन रतनबाईचा रामराम.

गुर्जी लिव्हत्यात. गेणूचं पत्र आलं, सगळ्या आळीला वाचून दावलं. गाठ निघाली, ताप न्हाई, मडम खूश हाय. डोळं उघडल्या उघडल्या तू पयलं काय इचारलंस, तर त्या रतनबाईनं तपेलं पळवलं न्हाई ना! लाज न्हाई तुला. मी हसले, मग जात्यावर बसून लय रडले.

पाटा आन वरवंटा दोनी घरांतनं आनून तुज्या घरी ठिवलेत. घर सारवलंय. तपेल्याला कल्हई लावून घेतली, आन माज्याच घरात ठिवलंय. कुनाच्या हाती धाडनार न्हाई. तुजं हाय, तर सोता येऊन ने.

उजवा हात अजून वर व्हत न्हाई म्हनं तुजा. होऊ दे सावकाश. तपेल्याला दोन कड्या हायेत. एक मी धरीन.

रतनबाई